ओइवाच्या गाडीचा ताप

गाडीचं बॉनेट स्वतःच उघडायचं असं ओइवाने ठरवलं, तेव्हा त्याच्या हातात कॉफीचा कप होता आणि मनात कसलंही पाप नव्हतं. मे महिना संपत आला होता. वर्षातला पहिला खरा गरम दिवस. लिएक्साच्या रस्त्यावरचा लांबलचक चढ चढताना तापमानाचा काटा, जो एरवी मध्यावर झोपा काढायचा, तो अचानक उठला आणि लाल पट्ट्याकडे चालू लागला. ओइवाने गाडी बाजूला घेतली, इंजिन गार होईपर्यंत रस्त्याकडेच्या गवतात उभं राहून डासांना रक्तदान केलं, आणि घरी येऊन कॉफी पिता पिता म्हणाला, "मीच बघतो काय झालंय ते."

त्याची बायको हिल्क्का बटाटे सोलत होती. ती म्हणाली, "बघ."

(आमच्या नुर्मेस गावात एवढ्या बोलण्याला भरपूर गप्पा म्हणतात.)

ओइवा जमीन मोजणीच्या कचेरीत नकाशे सांभाळायचा. माणूस सज्जन, कामात चोख, पण हात कागदाचे. बायकोच्या माहेरी मात्र सगळी लोखंडाशी झटणारी माणसं. सासरे कालेर्वो यांनी उभा जन्म लाकडाचे ट्रक हाकले होते, आणि त्या घराण्यातल्या एकाही पुरुषाने आपल्या गाडीचं बॉनेट परक्याला उघडू दिलं नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं होऊनही कालेर्वो जावयाबद्दल चांगलं किंवा वाईट एक अक्षर बोलले नव्हते. चांगलं न बोलणं आमच्याकडे समजू शकतं, पण वाईटही नाही म्हणजे आपण त्यांच्या खिजगणतीतच नाही, असा ओइवाने त्याचा अर्थ लावला होता. त्याने गॅरेजवाल्याला फोन केलाच नाही असं नाही. (केला होता, हिल्क्का दुकानात गेल्यावर.) पण गॅरेजवाला म्हणाला, युहान्नुसचा, म्हणजे जूनमधल्या सर्वांत मोठ्या दिवसाचा, सण उलटेपर्यंत बोलूच नका, साऱ्या गावाला तळ्यावर जायचंय आणि साऱ्या गावाच्या गाड्या माझ्या दारात आहेत.

आणि नेमकं यंदाच्या युहान्नुसला गाडी बंद पडून चालणार नव्हतं. हिल्क्काची आई सिल्वी गेल्यापासून कालेर्वो तळ्याकाठच्या घरी एकदाही आले नव्हते. ते लाकडी घर त्यांनी सिल्वीसाठी आपल्या हातांनी बांधलं होतं. धक्का त्यांचा, वाफ घ्यायची खोली, म्हणजे सौना, त्यांचा, दाराची कडीसुद्धा त्यांनी घडवलेली. दर वर्षी सण जवळ आला की हिल्क्का विचारायची आणि दर वर्षी ते "नको" म्हणायचे. यंदा ते म्हणाले, "बघू." कालेर्वोंच्या तोंडचं "बघू" म्हणजे दुसऱ्या कुणी स्टॅम्पपेपरावर लिहून दिलेलं वचन. हिल्क्का परसात जाऊन एकटीच रडून आली.

परत आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "वाटेत गाडी थांबली ना, तर बाबा खाली उतरतील, समोरून येणारी पहिली बस पकडून घरी जातील, आणि पुन्हा कधी 'बघू'सुद्धा म्हणणार नाहीत. मला माहितीये त्यांना."

ओइवालाही माहीत होतं. बायकोवर त्याचा फार जीव होता. तिने त्याच्याकडे कधी दागिना मागितला नाही, कधी परदेशची सहल मागितली नाही. बापाला तळ्यापर्यंत आणून सोड, एवढंच तिचं मागणं, आणि त्या मागण्याच्या आड आता तो टीचभर काटा येऊन बसला होता.

ओइवाने वाचनालयातून गाड्यांच्या दुरुस्तीचा जाडजूड ग्रंथ आणला आणि बांधाच्या तंट्याचे कागद वाचावेत तसा पेन्सिल घेऊन वाचला. त्याचा शिस्तीवर विश्वास होता. सगळ्यात आधी कूलंट, म्हणजे इंजिनला गार ठेवणारं ते रंगीत पाणी, कमी तर नाही ना ते पाहिलं. काठोकाठ होतं. कुठून गळतंय का म्हणून गाडीखाली वर्तमानपत्र अंथरलं, ते सकाळी कोरडं ठणठणीत. मग ज्याची भीती होती ते पाहिलं. इंजिनच्या आत पाणी शिरलं की तेल दुधासारखं होतं आणि मग गाडीची आशा सोडायची, असं ग्रंथात ठळक अक्षरांत छापलं होतं. तेल मोजायची पट्टी बाहेर काढताना ओइवाने डोळे मिटून घेतले होते. तेल स्वच्छ निघालं आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

मग आला थर्मोस्टॅट. ही एक छोटीशी झडप असते. इंजिन तापलं की ती उघडते आणि तापलेल्या पाण्याला समोरच्या रेडिएटरकडे, म्हणजे वाऱ्यावर, गार व्हायला पाठवते. ही उघडत नसेल तर पाणी आतल्या आत उकळत राहतं. ती तपासायची कशी, तर ग्रंथ म्हणे, पाण्यात घालून तापवा आणि बघा. ओइवाने हिल्क्काचं बटाट्याचं पातेलं घेतलं, त्यात झडप सोडली, शेजारी तिचा मुरंब्याचा थर्मामीटर लटकवला आणि शेगडीपुढे खुर्ची टाकून बसला.

हिल्क्काने येऊन पातेल्यात डोकावलं. "काय शिजतंय?"

"थर्मोस्टॅट."

"मीठ घातलंस?" ती म्हणाली आणि निघून गेली.

झडप बरोबर ज्या अंशाला उघडायला हवी त्याच अंशाला, इतक्या देखण्या रीतीने उघडली की ओइवाला टाळी वाजवावीशी वाटली. म्हणजे ती निर्दोष होती. तरी नवी विकत आणलेलीच होती म्हणून त्याने नवी बसवली. पुढच्या उन्हाच्या दिवशी काटा नव्या झडपेलाही तेवढाच मान देऊन लाल पट्ट्यात जाऊन बसला.

मग त्याला वाटलं, नळ्यांत हवा अडकली असेल. ती काढायला गाडीचं नाक वर करून ठेवतात. ओइवाच्या अंगणात एक मोठा कातळ होता. त्यावर त्याने पुढची चाकं चढवली आणि गाडी बरेच दिवस आकाशाकडे तोंड करून तशीच उभी राहिली. येणारे-जाणारे कुंपणापाशी थबकायचे, बघायचे आणि काही न बोलता पुढे जायचे. शेजारचा ताउनो तेवढा एकदा म्हणाला, "वर बघतेय." त्या महिन्यात तो आणखी काही बोलल्याचं कुणाला आठवत नाही.

हवा नव्हती. मग पाणी फिरवणारा पंप बदलला. त्यात दोन रविवार गेले, बोटांची सालं गेली, आणि सगळं जुळवून झाल्यावर एक बोल्ट उरला, तो कुठला हे अजून कळलेलं नाही. गाडी त्या बोल्टावाचून छान चालली आणि छान तापली. मग बागेतला पाइप लावून रेडिएटर आतून धुतला. एका टोकाने घातलेलं पाणी दुसऱ्या टोकाने झऱ्यासारखं नितळ आलं. मग त्याने रेडिएटरला जाणारी वरची नळी आणि तिथून परत येणारी खालची नळी, दोन्ही हाताने चाचपल्या. ग्रंथाप्रमाणे वरची गरम आणि खालची त्याहून गार लागायला हवी. इथे दोन्ही सारख्याच भाजत होत्या. म्हणजे पाणी फिरून येत होतं, पण जसं जात होतं तसंच तापलेलं परत येत होतं. हे वाक्य ओइवाने तीनदा मनाशी म्हटलं. उत्तर त्याच्या ओठांवर होतं, पण ओठ उघडेनात.

शेवटी तो आपल्या धर्माला जागला. त्याने नकाशा काढला. इंजिनमधून पाणी कुठून कुठे जातं, कुठे वळतं, कुठे चढतं, सगळं लाल-निळ्या पेन्सिलींनी, उंचीच्या रेषांसकट. कचेरीतल्या साहेबांना तो इतका आवडला की त्यांनी भिंतीवर लावायला मागितला. मी तो पाहिला आहे. अतिशय सुंदर नकाशा. पाण्याचा थेंबन् थेंब त्यात आहे, फक्त वारा नाही.

हे सगळं चाललं असताना कालेर्वो संध्याकाळी नदीपलीकडून चालत यायचे, पायरीवर बसायचे आणि कॉफी पीत बॉनेटखाली वाकलेल्या जावयाकडे बघायचे. बोलायचे नाहीत. दुसऱ्याच्या कामात न बोलावता तोंड घालणं म्हणजे चारचौघांत त्याची पँट उतरवणं, असं आमच्याकडे लहानपणापासून शिकवतात. आणि आपणहून सल्ला विचारणं म्हणजे स्वतःची स्वतःच उतरवणं. म्हणून ओइवा विचारायचा नाही, आणि ओइवा विचारत नाही म्हणून कालेर्वो सांगायचे नाहीत. एकदा ओइवाचा पाना बॉनेटमधून घरंगळला, तो कालेर्वोंनी उचलून त्याच्या हाताशी ठेवला आणि परत पायरीवर जाऊन बसले. मला या दोघांचं मनापासून कौतुक वाटतं. बोलून कुणीही काम करतो. इतकं तोंड दाबून इतके दिवस एकमेकांचा मान राखायला छाती लागते.

सणाच्या आदल्या दिवशी हवामानखात्याने ऊन आणखी वाढणार म्हणून सांगितलं. गाडी जशीच्या तशी तापत होती. ओइवाने ग्रंथाचं शेवटचं पान उघडलं. तिथे बारीक अक्षरांत लिहिलं होतं की दुसरा कुठलाच उपाय नसेल तर गाडीतला हीटर पूर्ण सोडावा. हीटर म्हणजे तरी काय, आतल्या माणसांसाठी ठेवलेला एक धाकटा रेडिएटरच. इंजिनची आग तो बाहेर काढतो आणि माणसांच्या अंगावर सोडतो.

"हीटर?" हिल्क्का म्हणाली. "जूनमध्ये? बाबा बसलेले असताना?"

"काटा खाली येतो. मी करून पाहिलंय."

"त्यापेक्षा सरळ सांग ना त्यांना, गाडी तापतेय म्हणून."

"सांगतो," ओइवा म्हणाला. तो सांगणार नव्हता आणि हे तिला ठाऊक होतं. लोखंडाच्या माणसाला जाऊन सांगायचं, की मी झडप बदलली, पंप बदलला, गाडी कातळावर चढवली, आणि मला काही कळलं नाही? त्यापेक्षा भाजलेलं बरं.

सणाच्या दिवशी सकाळी कालेर्वो दारात उभे होते. अंगात सणाचा लोकरी कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, हातात छोटी पेटी. ते पुढच्या सीटवर बसले. मागे हिल्क्का, तिच्या मांडीवर स्ट्रॉबेरीचं खोकं, पायाशी लोणी, धुरावलेले मासे आणि सॉसेजं. बाहेर असं ऊन की कुत्रीसुद्धा पायऱ्यांखाली शिरली होती. ओइवाने चारही काचा खाली केल्या, गाडी सुरू केली आणि एखाद्याच्या खिशात हात घालावा तसा हळूच हीटरचा खटका शेवटपर्यंत फिरवला.

गरम वाऱ्याचा झोत आधी पायांवर आला, मग गुडघ्यांवर, मग कोटाच्या आत शिरला. कालेर्वोंनी एकदा खटक्याकडे पाहिलं. मग जावयाकडे पाहिलं, जरा जास्त वेळ. मग समोर रस्त्याकडे. गावाबाहेर पडल्यावर त्यांनी हात पुढे केला आणि आपल्या बाजूची काच वर चढवली. मागे वळून हिल्क्कालाही काच लावायला सांगितली. वारा लागतो, म्हणाले.

ओइवाला वाटलं आपल्याला भास झाला. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. म्हातारं माणूस, आयुष्य थंडीत ट्रक हाकण्यात गेलेलं, पाठ धरलेली. त्यांना ही ऊब आवडतेय. त्याने मान राखायला स्वतःचीही काच वर केली.

पुढचा रस्ता कसा गेला हे तिघांपैकी कुणीही नीट सांगू शकत नाही. चढ आला, काटा थरथरला, थोडा वर गेला आणि पुन्हा खाली बसला. हीटर आपलं काम चोख करत होता. ओइवाच्या भुवयांवरून घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. मागे स्ट्रॉबेरींचा मुरंबा होऊ लागला होता, माशांनी दुसऱ्यांदा शिजायला सुरुवात केली होती आणि लोणी कागदाबाहेर पडून आपल्या वाटेने निघालं होतं. आरशात हिल्क्काचा चेहरा दिसत होता, लालबुंद आणि निर्विकार. ती एका शब्दाने काही बोलली नाही. अशी बायको मिळायला पुण्याई लागते, असं ओइवाला त्या धगीतही वाटलं, आणि मलाही वाटतं.

"बाबा, फार गरम नाही ना होत?" ओइवाने शेवटी विचारलं.

कालेर्वोंच्या नाकाच्या शेंड्यावरून घामाचा थेंब कोटावर पडला. "माझं काही म्हणणं नाही," ते म्हणाले.

अर्ध्या वाटेवर पेट्रोल पंपाशेजारी कॉफीचं हॉटेल लागलं. हिल्क्का वडिलांना घेऊन आत गेली. ओइवा पाय मोकळे करायला म्हणून गाडीच्या पुढे आला. समोरच्या जाळीवर डासांचा आणि माश्यांचा असा थर बसला होता की जाळी दिसत नव्हती. हिवाळ्यात काचेवरचा बर्फ खरवडायची प्लास्टिकची पट्टी त्याने आणली आणि जाळी खरवडू लागला. पट्टी जाळीच्या फटीतून आत गेली. रेडिएटरच्या धातूला लागून टक्क असा आवाज यायला हवा होता. आवाज आलाच नाही. पट्टी कशात तरी मऊ रुतली.

ओइवा गुडघ्यांवर बसला. जाळीमागे, रेडिएटरच्या अंगालगत, काळ्या जाड लोकरी कापडाचा एक तुकडा होता. कोपरे मापात कापलेले, कडा दुमडून शिवलेल्या, चार ठिकाणी तारेने असा घट्ट बांधलेला की बघणाऱ्याने रेडिएटरच समजावा. आमच्याकडे नोव्हेंबरात असा आडोसा लावतात, म्हणजे बर्फाळ वारा इंजिनला लागत नाही आणि गाडीत लवकर ऊब येते. लावतात आणि वसंतात काढतात. काढायचा राहिला तर थंडीत काही कळत नाही. ऊन पडलं की कळतं.

इतके दिवस ओइवाने इंजिन वरून पाहिलं होतं, खालून पाहिलं होतं, गाडी कातळावर चढवून पोटाखाली झोपून पाहिलं होतं. तोंडासमोर उभं राहून काही त्याने पाहिलं नव्हतं. पाणी बिचारं इमानाने रेडिएटरपर्यंत येत होतं, पण तिथे त्याला गार करायला वारा कुठून येणार, दारावर तर जाड कांबळं टांगलेलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण ज्याने केली, त्याच्याकडे बहुधा अशीच गाडी असावी.

हा आडोसा लावला कुणी, हे त्याला आठवेना. आपण तर नाही. हिल्क्काने? विचारायची ही वेळ नव्हती. त्याने तारा कापल्या, कापड ओढून काढलं आणि डिकीत जादा चाकाखाली दडवलं. इंजिन सुरू करून जागेवरच थोडा वेळ रेटलं. काटा मध्यावर येऊन थांबला आणि झोपी गेला. ओइवाचे डोळे भरून आले. गाडी बरी झाली होती. आता हीटर बंद करायचा, काचा उघडायच्या आणि तळ्यापर्यंत माणसासारखं जायचं.

सगळे परत येऊन बसले. ओइवाने हीटरचा खटका बंद केला आणि काचेच्या हँडलला हात घातला. तेवढ्यात कालेर्वोंनी पुढे वाकून तोच खटका पुन्हा शेवटपर्यंत फिरवला.

"राहू दे," ते म्हणाले. "माझ्यामुळे बंद करू नकोस."

ओइवा विरघळला. (तसा तो पंचवीस-तीस किलोमीटर आधीपासूनच विरघळत होता, पण हे मनाने.) इतक्या वर्षांत सासरे त्याच्याजवळ पहिल्यांदा काही मागत होते, आणि जे मागत होते ते त्याच्या हातात होतं. मग काय बिशाद होती हीटर बंद करायची. गार, निरोगी, आनंदाने धावणाऱ्या गाडीत, जिला हीटरची काडीइतकी गरज उरली नव्हती, तिघेजण काचा लावून उरलेला सारा रस्ता उकडत गेले.

तळ्याकाठी पोचल्यावर कालेर्वो दार उघडून उतरले, घराकडे न बघता सरळ धक्क्यावर चालत गेले, कोट काढून खुंटीला लावला आणि बाकीच्या कपड्यांनिशी पाण्यात उतरले. छातीपर्यंत पाणी आल्यावर थांबले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. हिल्क्काला वाटलं त्यांना आईची आठवण आली. तिने नवऱ्याचा हात धरला. "आणलंस तू त्यांना," ती म्हणाली. ओइवाला त्या क्षणी झडप, पंप, कातळ, सगळ्याचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

मग सौना तापला. आमच्याकडे माणसं जे काही बोलतात ते सौन्यात बोलतात, अंगावर कपडे नसले की मनावरचेही उतरतात म्हणून. सासरे-जावई वरच्या फळीवर बसले. कालेर्वोंनी दगडांवर पाणी टाकलं, वाफ उठली. ओइवा वाट बघू लागला. आज काहीतरी बोलतील, असं त्यांच्या मानेवरून दिसत होतं.

"ओइवा," कालेर्वो म्हणाले, "एक बोलतो, वाईट वाटून घेऊ नकोस. योएन्सूला एक चांगला डॉक्टर आहे."

"पाठीचा का, बाबा?"

"नाही. रक्ताचा." त्यांनी हातातली पळी खाली ठेवली. "सिल्वीलाही शेवटी शेवटी अशीच थंडी वाजायची. ऑगस्टातसुद्धा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. नोव्हेंबरात मी तुझ्या गाडीत बसलो होतो ना, तेव्हाच पाहिलं, स्टिअरिंगवर तुझे हात कापत होते. म्हणून गुपचूप तो लोकरीचा आडोसा शिवून लावला. वसंतात काढणार होतो. पण पाहिलं तर तू रोज बॉनेट उघडून बसलेला. म्हटलं, बिचारा हीटर आणखी तापावा म्हणून धडपडतोय, आणि आपण आडोसा काढायचा? मग ठेवला."

ओइवाने डोळ्यांत उतरलेला घाम पुसला. त्याला नोव्हेंबर आठवला. हात कापत होते, ते शेजारी कालेर्वो बसले होते म्हणून.

"आज तू जूनमध्ये हीटर सोडलास तेव्हा मला कळलं, दुखणं वाढलंय," कालेर्वो म्हणाले. "माझे हाल झाले, खोटं कशाला बोलू. दोनदा वाटलं, आता दार उघडून उडी टाकावी. पण तू एवढा माणूस, तक्रार नाही, कण्हणं नाही, गाडी चालवतोयस. मी काच लावून घेतली. ट्रकवर पुष्कळ धट्टेकट्टे पाहिले मी, पण दुखणं असं गिळून बसणारा तूच."

ही स्तुती होती. इतकी वर्षं जिची वाट पाहिली ती, आणि ती आली होती एका अशा आजाराबद्दल जो त्याला नव्हता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी ओइवाची गत झाली. खरं सांगावं तर आपण मूर्ख. न सांगावं तर आपण रोगी. मूर्ख बरा की रोगी, याचा तो वाफेत बसून शांतपणे विचार करत होता.

"आता दर वर्षी मीही येईन इकडे," कालेर्वो म्हणाले. "हिल्क्का एकटी कुठे कुठे बघणार तुझ्याकडे? लाकडं फोडायला, सौना नीट तापवायला कुणीतरी हवं."

ओइवाने तोंड उघडलं होतं, ते मिटलं. "होय बाबा," तो म्हणाला. "थंडी वाजते खरी."

कालेर्वोंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, दगडांवर आणखी पाच-सहा पळ्या पाणी ओतलं आणि स्वतः वाफ कमी लागते त्या खालच्या फळीवर उतरून बसले.

बाहेर आल्यावर ओइवाने हिल्क्काला सगळं सांगितलं, आडोशापासून डॉक्टरपर्यंत. ती हसता हसता पायरीवर बसली, डोळे पुसले, पुन्हा हसली. मग त्याने सांगितलं, बाबा दर वर्षी येणार म्हणतायत. ती हसायची थांबली. आत गेली आणि आईने विणलेला जाडजूड लोकरी स्वेटर घेऊन आली.

"घाल," ती म्हणाली. ओइवाने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि घातला.

सूर्य मावळायचं नाव घेत नव्हता. तळ्याकाठी युहान्नुसची होळी पेटली होती. आसपासच्या घरांतले लोक सदऱ्यांच्या बाह्या वर करून, टोप्यांनी वारा घेत, आगीपासून चांगले लांब उभे होते. ओइवा स्वेटर घालून खुर्चीत बसला होता आणि घामाने चिंब झाला होता. त्याच्या कपाळावर चमकणारे थेंब कालेर्वोंनी लांबून पाहिले. ते आले, काळजीने वाकले आणि म्हणाले, "थंड घाम सुटलाय तुला." मग त्यांनी ट्रकवाल्याच्या त्या दांडग्या हातांनी खुर्ची जावयासकट उचलली, होळीच्या आणखी जवळ नेऊन ठेवली, आणि आगीत घालायला लाकडं आणायला गेले.